‘इन्ह्यूमेशन’ : दफनासाठी असलेल्या एका विरळ इंग्रजी नामाचा अर्थ, मर्यादा आणि वापर

पुरातत्त्वावरील इंग्रजी ग्रंथ, उत्खननाचे अहवाल किंवा युरोपातील प्राचीन स्मशानांविषयीचे लेख वाचताना ‘इन्ह्यूमेशन’ हा शब्द वारंवार भेटतो, आणि वर्तमानपत्रात, कादंबरीत किंवा रोजच्या संभाषणात तो जवळजवळ कधीच भेटत नाही. शब्दकोश उघडला तर ‘बरिअल’ एवढाच अर्थ मिळतो आणि वाचकाचा असा समज होतो की हा त्याच गोष्टीचा अधिक भारदस्त पर्याय असावा. हा समज अपुरा आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने किंवा इंग्रजीत लेखन करणाऱ्याने तो तसाच बाळगला तर वाक्याचा अर्थ खरोखर बदलू शकतो. या लेखात हा शब्द टप्प्याटप्प्याने समजून घेण्याची पद्धत मांडली आहे: आधी त्याची घडण, मग त्याचा नेमका आवाका, मग त्याच्याशी गल्लत होणारे शब्द, त्याचे व्याकरण, आणि शेवटी तो मराठीत कसा आणावा हा प्रश्न.

पहिली पायरी : शब्द फोडून पाहा

इंग्रजीत हा शब्द आय, एन, एच, यू, एम, ए, टी, आय, ओ, एन या अक्षरांनी लिहितात. उच्चार ‘इन्-ह्यू-मे-शन’ असा असून मुख्य आघात ‘मे’ या अक्षरावर येतो. ‘ह्यू’चा उच्चार ‘ह्यूमन’ या शब्दातल्यासारखाच होतो. क्रियापद ‘इन्ह्यूम’ आहे आणि त्यात आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘ह्यूम’वर येतो.

शब्दाचे तीन भाग पडतात. ‘इन्’ म्हणजे आत, मधला ‘ह्यूम’ हा लॅटिनमधील ‘हुमुस’ म्हणजे माती किंवा जमीन या शब्दाचा अवशेष, आणि ‘एशन’ हा क्रियेचे नाम बनवणारा प्रत्यय. लॅटिनमध्ये ‘हुमारे’ म्हणजे मातीआड करणे आणि ‘इनहुमारे’ म्हणजे मातीच्या आत ठेवणे असा अर्थ होता, तेथून फ्रेंचमध्ये आणि पुढे सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द रुळला. शेतीच्या पुस्तकांत कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने बनलेल्या काळ्या मातीसाठी ‘ह्यूमस’ हा जो शब्द येतो, तो हाच.

मराठी वाचकाला या मुळाशी ओळख करून देणारा आणखी एक दुवा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. लॅटिन ‘हुमुस’, संस्कृतमधील पृथ्वी या अर्थाचे ‘क्ष्मा’ आणि ‘क्षमा’, आणि फारसीतून मराठीत आलेला ‘जमीन’ हे सर्व शब्द एकाच आदिम भारतयुरोपीय धातूपासून निघाले आहेत, असे ऐतिहासिक भाषाशास्त्र सांगते. म्हणजे ‘इन्ह्यूमेशन’ या परक्या वाटणाऱ्या शब्दाच्या पोटात आपल्या ‘जमीन’ या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे, आणि ‘जमिनीत ठेवणे’ एवढे लक्षात ठेवले तरी त्याचा मूळ अर्थ पुन्हा विसरण्याचे कारण उरत नाही.

शब्दाची फोड करताना मात्र एका ठिकाणी थांबावे लागते. इंग्रजीत ‘इन्’ हा उपसर्ग दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. ‘इन्ह्यूमन’ म्हणजे अमानुष आणि ‘इन्ह्यूमॅनिटी’ म्हणजे अमानुषता या शब्दांत तो नकार दाखवतो, तर ‘इन्ह्यूमेशन’मध्ये तो ‘आत’ हा अर्थ देतो. लिखित रूपे इतकी सारखी आहेत की घाईने वाचणारा मनुष्य ‘इन्ह्यूमेशन’चा संबंध क्रौर्याशी लावतो, आणि यांत्रिक भाषांतरातही असा घोटाळा होण्याचा धोका असतो. ‘ह्यूमन’ या शब्दाचे लॅटिन मूळही ‘हुमुस’शी नाते सांगते, कारण मनुष्य म्हणजे मातीवर राहणारा, पार्थिव जीव ही कल्पना त्यामागे आहे. तथापि मुळाचे हे नाते अर्थ लावताना कामाचे नाही. ‘इन्ह्यूमेशन’मध्ये माणूस शोधू नये, माती शोधावी.

याच कुळातील समजल्या जाणाऱ्या एका शब्दाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ‘पॉस्च्युमस’, म्हणजे मरणोत्तर, या शब्दात एच हे अक्षर दिसते आणि त्यामुळे तोही ‘हुमुस’पासून निघाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात लॅटिनमधील मूळ शब्द ‘पोस्तुमुस’ असा होता आणि त्याचा अर्थ ‘शेवटचा’ असा होता. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या अपत्याला तो लावला जाऊ लागल्यावर लोकांनी त्याचा संबंध मातीशी, पुरण्याशी जोडला आणि एच आत शिरला. दफनाची कल्पना एखाद्या शब्दाचे लिखित रूप कसे बदलू शकते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

दुसरी पायरी : तो कशाच्या विरुद्ध उभा आहे ते ओळखा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ द्यावा. ‘इन्ह्यूमेशन’ हा शब्द एकटा वाचला तर त्याचा अर्थ ‘पुरणे’ एवढाच वाटतो. परंतु अभ्यासकांच्या लेखनात तो बहुतेक वेळा एका जोडीतला एक शब्द म्हणून येतो, आणि त्या जोडीतला दुसरा शब्द ‘क्रिमेशन’, म्हणजे दहन, हा असतो. १६५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दफनकलशांवरील आपल्या निबंधात सर थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्य-लेखकाने विवेकी राष्ट्रांनी मृतदेहाच्या बाबतीत दोनच मार्ग स्वीकारले आहेत असे म्हटले, आणि ते दोन मार्ग सांगताना साधे ‘इन्ह्यूमेशन’ आणि जाळणे अशी जोडी लावली. इंग्रजीत हा शब्द तेव्हा नवाच होता, तरी त्याचे काम तेव्हापासूनच विरोध दाखवण्याचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता ‘बरिअल’ या नेहमीच्या शब्दाकडे पाहा. दहनानंतर उरलेल्या अस्थी मडक्यात भरून ते मडके जमिनीत ठेवले, तर इंग्रजीत त्यालाही ‘बरिअल’ म्हणता येते, किंबहुना त्यासाठी ‘अर्न बरिअल’ असा रूढ शब्दप्रयोगच आहे. पण त्याला ‘इन्ह्यूमेशन’ म्हणता येत नाही, कारण तेथे मातीत गेलेला देह जळलेला आहे. म्हणून ‘बरिअल’ हा मोठा वर्ग, आणि त्याच्या आत न जाळलेल्या देहाचे दफन तेवढे ‘इन्ह्यूमेशन’, अशी रचना मनाशी पक्की करावी. एखाद्या स्मशानात शंभर ‘बरिअल्स’ सापडली असे लिहिले असेल तर त्यांत दोन्ही प्रकार असू शकतात. शंभर ‘इन्ह्यूमेशन्स’ सापडली असे लिहिले असेल तर लेखकाने आपल्याला अधिक काहीतरी सांगितले आहे, आणि ते भाषांतरात हरवता कामा नये.

इंग्लंडमधील सफोक परगण्यातील सटन हू हे अँग्लो-सॅक्सन काळातील स्थळ या भेदाचा उपयोग फार चांगल्या रीतीने दाखवते. तेथे काही टेकाडांखाली दहन केलेले अवशेष मिळाले आणि काही टेकाडांखाली न जाळलेले देह. १९९१ मध्ये उकरलेल्या सतराव्या क्रमांकाच्या टेकाडाखाली एक तरुण पुरुष एका खड्ड्यात आणि त्याचा घोडा शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यात पुरलेला आढळला. अशा स्थळाचे वर्णन करताना केवळ ‘बरिअल’ हा शब्द वापरत राहिले, तर एकाच जागी दोन प्रथा होत्या ही मुख्य गोष्टच वाचकापर्यंत पोहोचत नाही. याच स्थळी १९३९ मध्ये उघडकीस आलेल्या पहिल्या क्रमांकाच्या टेकाडात जहाज आणि अतिशय मौल्यवान वस्तू मिळाल्या, पण देह दिसला नाही, कारण तेथील वाळू आम्लधर्मी असून तिने हाडेही विरघळवली होती. तेथे मुळात देह ठेवला होता की ते केवळ स्मारक होते, हा वाद बराच काळ चालला आणि पुढे मातीतील फॉस्फेटच्या, म्हणजे देह विरघळल्यावर मातीत उरणाऱ्या क्षाराच्या, तपासणीने देह असल्याच्या मताला बळ दिले. या टेकाडाला सर्वसाधारणपणे ‘शिप बरिअल’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण तो शब्द निष्कर्षाची घाई करत नाही. देहाचा पुरावा नसताना ‘इन्ह्यूमेशन’ लिहिणे म्हणजे वादाचा निकाल आधीच लावणे झाले असते.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. शब्दाचे मूळ मातीकडे निर्देश करते, परंतु इतिहासकारांच्या वापरात भर मातीवर नसून देह न जाळण्यावर असतो. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोम शहरात दहनाची प्रथा प्रबळ होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत ती मागे पडून देह न जाळता ठेवण्याची प्रथा रूढ झाली. या बदलाचे वर्णन ‘क्रिमेशनकडून इन्ह्यूमेशनकडे’ असेच केले जाते, जरी त्या काळातील अनेक श्रीमंतांचे देह कोरीव दगडी शवपेट्यांत घालून बांधीव थडग्यांत ठेवलेले होते आणि त्यांना मातीचा प्रत्यक्ष स्पर्शही झालेला नव्हता. उलट इटालियन भाषेत हा भेद काटेकोर राहिला आहे. तेथील दफनविषयक नियमांत, उदाहरणार्थ १९९० च्या राष्ट्रीय नियमावलीत, मातीत पुरण्यासाठी ‘इनुमात्सिओने’ आणि बांधीव कोनाड्यात ठेवण्यासाठी ‘तुमुलात्सिओने’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. म्हणून इटालियन दस्तऐवजाचे इंग्रजी किंवा मराठी भाषांतर करताना पहिल्या शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘मातीत’ असा घ्यावा, आणि इंग्रजी पुरातत्त्वीय लेखनात मात्र तो ‘न जाळता’ असा घ्यावा. माझ्या मते इंग्रजीत लिहिणाऱ्याने देह बांधीव कक्षात ठेवलेला असेल तेव्हा निदान एकदा तरी ते स्पष्ट सांगावे, म्हणजे वाचक खड्ड्याची कल्पना करणार नाही.

तिसरी पायरी : तीन प्रश्न विचारा

शब्द वापरण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. देह न जाळलेला आहे का, हा पहिला प्रश्न, आणि त्याविषयी वर पुरेसे आले आहे. दुसरा प्रश्न असा की देह कोणीतरी हेतुपूर्वक तेथे ठेवला आहे का. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई येथील माणसे राखेखाली गाडली गेली. इंग्रजीत त्यांच्याविषयी ‘बरीड’ हे रूप सहज वापरले जाते, पण त्यांचे ‘इन्ह्यूमेशन’ झाले असे म्हणता येत नाही, कारण कोणत्याही मानवी हाताने त्यांना अंतिम विश्रांतीसाठी तेथे ठेवले नव्हते. दरड कोसळून किंवा भिंत पडून गाडल्या गेलेल्या माणसांनाही हेच लागू होते. मराठीत ‘गाडले जाणे’ आणि ‘पुरले जाणे’ यांत आपण हाच फरक करतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही कसोटी अवघड जाऊ नये.

तिसरा प्रश्न देहाच्या पूर्णतेविषयी आहे. खड्ड्यात विखुरलेली दोन-चार हाडे सापडली तर सावध अभ्यासक त्यांना लगेच ‘इन्ह्यूमेशन’ म्हणत नाहीत, ‘मानवी अवशेष’ असे तटस्थ वर्णन करतात. देह एकदा एका जागी ठेवून, मांस झडून गेल्यावर हाडे गोळा करून दुसरीकडे पुरलेली असतील तर त्यासाठी ‘सेकंडरी’, म्हणजे दुय्यम, असे विशेषण जोडले जाते.

चौथी पायरी : शेजारचे शब्द वेगळे ठेवा

सर्वांत जास्त गोंधळ ‘इंटरमेंट’ या शब्दाशी होतो. त्याचे मूळ लॅटिन ‘तेर्रा’, म्हणजे भूमी, हे असून अर्थाच्या घडणीत तो ‘इन्ह्यूमेशन’चा जुळा भाऊ आहे. त्याचे क्रियापद ‘इंटर’ असे लिहितात, पण आघात दुसऱ्या अवयवावर येतो, म्हणून ते ‘इन्टर्’ असे, शेवट ओढून उच्चारावे. ‘इंटरनॅशनल’सारख्या शब्दांतील ‘दरम्यान’ या अर्थाच्या उपसर्गाशी त्याचा काहीही संबंध नाही. वापराच्या दृष्टीने दोन्ही शब्दांत मोठा फरक आहे: ‘इंटरमेंट’ हा अंत्यविधीच्या औपचारिक भाषेतला शब्द आहे. निधनाच्या सूचनेत, चर्चच्या नोंदीत, कायद्याच्या मजकुरात तो शोभतो, आणि दहनानंतरची रक्षा जमिनीत ठेवण्यासाठीही तो बिनदिक्कत वापरला जातो. ‘इन्ह्यूमेशन’ मात्र निरीक्षकाचा, वर्गीकरण करणाऱ्याचा शब्द आहे. एखाद्या कुटुंबाला पाठवायच्या सांत्वनपत्रात तो लिहिला तर वाचणाऱ्याला आपल्या माणसाचे वर्णन उत्खननाच्या वहीत केल्यासारखे वाटेल. असे कधीही करू नये.

‘इंटरमेंट’ लिहिताना आणखी एक धोका असतो. मध्ये एक एन वाढवला की ‘इंटर्न्मेंट’ होते, आणि त्याचा अर्थ होतो स्थानबद्धता, खटल्याविना छावणीत डांबून ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना ज्या छावण्यांत ठेवले त्यांचा उल्लेख बराच काळ याच शब्दाने होत आला. मृत्युलेखात ही चूक झाली तर ती दुःखी माणसांना फार बोचते, म्हणून छापण्यापूर्वी हा एक शब्द अक्षर अक्षर तपासावा.

‘सेपल्चर’ हा आणखी विरळ शब्द आहे, आणि त्याच्या बाबतीत उच्चार नीट ऐकावा लागतो. शेवटी टी, यू, आर, ई असेल तर उच्चार ‘सेपल्चर’ होतो आणि अर्थ दफनाची क्रिया असा होतो. शेवटी सी, एच, आर, ई असेल तर उच्चार ‘सेपल्कर’ होतो आणि अर्थ थडगे, दफनकक्ष असा होतो. दोन्ही लॅटिनमधील ‘सेपेलिरे’, म्हणजे पुरणे, या क्रियापदापासून आले आहेत. पहिला शब्द आज जवळजवळ फक्त कायद्यात जिवंत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९७ मध्ये दफनस्थळी अतिक्रमण करण्याच्या गुन्ह्याचे वर्णन करताना ‘प्लेस ऑफ सेपल्चर’ असा शब्दप्रयोग होता आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ मध्येही तो कायम आहे. तेथे त्याचे भाषांतर ‘थडगे’ असे न करता ‘दफनाची जागा’ असे करणे आवश्यक आहे, कारण बांधकाम नसलेली साधी पुरण्याची जागाही त्या संरक्षणात येते.

‘एन्टूममेंट’ म्हणजे बांधीव थडग्यात ठेवणे, ‘इनर्न्मेंट’ म्हणजे रक्षा कलशात ठेवणे, आणि ‘इम्युअरमेंट’ म्हणजे भिंतीत चिणणे. हे तीन शब्द आपापल्या जागी स्पष्ट असल्याने त्यांच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

‘एक्झ्युमेशन’ हा ‘इन्ह्यूमेशन’चा विरुद्धार्थी शब्द, म्हणजे पुरलेला देह पुन्हा बाहेर काढणे. आश्चर्य असे की तो मूळ शब्दापेक्षा कितीतरी अधिक प्रचारात आहे, कारण तो बातमीचा विषय होतो. क्रियापदाचा उच्चार ब्रिटिश इंग्रजीत ‘एक्सह्यूम’ आणि अमेरिकन इंग्रजीत ‘इग्झूम’ असा ऐकू येतो. इंग्लंडमध्ये १८५७ च्या दफन कायद्याच्या कलम २५ नुसार परवान्याशिवाय पुरलेले अवशेष हलवता येत नाहीत. जमीन चर्चने अभिमंत्रित केलेली असेल तर चर्चची परवानगी हा वेगळा मार्ग असतो. भारतात दंडाधिकाऱ्याला मृत्यूचे कारण शोधण्यासाठी पुरलेला देह बाहेर काढण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ ने दिला होता आणि आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या भारतीय तरतुदींच्या इंग्रजी मजकुरात ‘इंटर्ड’ आणि ‘डिसइंटर्ड’ ही रूपे आहेत, ‘इन्ह्यूमेशन’ नाही. कायद्याच्या लेखनात आपल्याकडून तो शब्द घालण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

‘बरिअल’ या साध्या शब्दाचेही थोडे ऋण मान्य केले पाहिजे. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे, त्याचे मूळ रूप ‘बिर्गेल्स’ असे एकवचनी होते, शेवटच्या एसमुळे ते लोकांना अनेकवचन वाटले आणि एस गळून पडला. ‘फ्युनरल’सारख्या शब्दांच्या सवयीने पुढे शेवट ‘अल’ असा झाला. त्याच्या क्रियापदात लिहायला यू आहे आणि उच्चार ‘बेरी’ आहे, कारण लेखन इंग्लंडच्या एका भागातील बोलीतून टिकले आणि उच्चार केंट परगण्याकडील बोलीतून आला. लॅटिनमधून आलेले सगळे पर्याय हाताशी असूनही इंग्रजी भाषकांनी रोजच्या दुःखासाठी हाच शब्द ठेवला आहे.

पाचवी पायरी : व्याकरण आणि सोबतचे शब्द

‘इन्ह्यूमेशन’ हे नाम दोन प्रकारे चालते. प्रथा किंवा पद्धत या अर्थाने ते अगणनीय असते आणि त्याच्या आधी ‘ॲन’ किंवा ‘द’ सहसा येत नाही, उदाहरणार्थ ‘इन्ह्यूमेशन रिप्लेस्ड क्रिमेशन’, म्हणजे दहनाची जागा देहदफनाने घेतली. प्रत्यक्ष सापडलेले एक दफन या अर्थाने ते गणनीय होते, जसे ‘ॲन इन्ह्यूमेशन’, ‘थ्री इन्ह्यूमेशन्स’. नवीन लेखकांकडून येथे एक चूक वारंवार होते: ते खड्डा आणि दफन एकच मानतात. ‘ग्रेव्ह’ म्हणजे खणलेली जागा आणि ‘इन्ह्यूमेशन’ म्हणजे तिच्यात ठेवलेला देह. एकाच ‘ग्रेव्ह’मध्ये आई आणि मूल असतील तर ‘ग्रेव्ह’ एक आणि ‘इन्ह्यूमेशन्स’ दोन. तक्त्यात संख्या भरताना हा फरक न पाळल्यास बेरीज चुकते आणि ती चूक पुढे दुसऱ्यांच्या लेखांतही जाते.

सोबत येणारी विशेषणे ठरलेली आहेत आणि ती तशीच वापरावीत. देह सरळ लांब ठेवला असेल तर ‘एक्स्टेंडेड’, पाय दुमडलेले असतील तर ‘फ्लेक्स्ड’, गुडघे छातीजवळ घट्ट आणलेले असतील तर ‘क्राउच्ड’, उताणा असेल तर ‘सुपाइन’ आणि पालथा असेल तर ‘प्रोन’. ‘इन्ह्यूमेशन सिमेट्री’ आणि ‘इन्ह्यूमेशन राइट’ हे प्रयोगही रूढ आहेत. ‘इन्ह्यूमेशन बरिअल’ असेही आढळते. त्यात अर्थाची पुनरुक्ती आहे, तरी ‘क्रिमेशन बरिअल’च्या शेजारी ठेवताना ती उपयोगी पडते, म्हणून तिला चूक म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही.

क्रियापद ‘इन्ह्यूम’ मात्र शक्यतो टाळावे. अभ्यासकही ‘वॉज बरीड’ असेच लिहितात. ‘वॉज इन्ह्यूम्ड’ हे रूप चुकीचे नाही, पण जुन्या काव्याची किंवा मुद्दाम घडवलेल्या भाषेची छटा त्याला आहे. त्याचप्रमाणे आठवणी, योजना किंवा गुपिते पुरण्याच्या लाक्षणिक अर्थाने ‘इन्ह्यूमेशन’ वापरू नये. ते काम ‘बरी’ हे साधे क्रियापद चांगले करते.

जुन्या ग्रंथांचे वाचन करणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना आहे. जुन्या रसायनविद्येच्या लेखनात ‘इन्ह्यूमेशन’ म्हणजे पात्र गरम मातीत पुरून आतील द्रव्याला दीर्घकाळ मंद उष्णता देण्याची क्रिया. जुन्या वैद्यकात रुग्णाचे अंग उबदार वाळूने झाकण्याच्या उपचारालाही हा शब्द लावलेला आढळतो. म्हणून वाक्यात भांडे, अर्क किंवा रुग्ण दिसला तर दफनाचा अर्थ लावण्यापूर्वी थांबावे.

फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांनी उलट दिशेने सावध राहावे. फ्रेंचमध्ये ‘इनुमास्यों’ हा नगरपालिकेच्या अर्जावर असणारा, निधनाच्या सूचनेत छापला जाणारा नेहमीचा शब्द आहे. तो इंग्रजीत आणताना ‘इन्ह्यूमेशन’ लिहिले तर साध्या कागदाला नको तो तांत्रिक सूर लागतो. तेथे ‘बरिअल’ हेच योग्य भाषांतर आहे. अक्षरे सारखी असली तरी दोन भाषांत शब्दाचे वजन वेगळे असते.

सहावी पायरी : मराठीत आणताना

मराठीत दफनाच्या शब्दांची कमतरता नाही, उलट प्रत्येकाची छटा इतकी वेगळी आहे की निवड करावी लागते. ‘पुरणे’ हा सर्वांत साधा आणि स्वच्छ शब्द आहे, मात्र ‘पुरेसे होणे’ या अर्थाचे ‘पुरणे’ही असल्याने वाक्य असे रचावे की कर्ता आणि कर्म स्पष्ट राहील. ‘गाडणे’ यात जोर, घाई किंवा अनादर येऊ शकतो, म्हणून अभ्यासपूर्ण लेखनात तो अपघाताने मातीखाली गेलेल्यांसाठीच राखावा. ‘मूठमाती देणे’ यात जिव्हाळा आहे, पण एखादी प्रथा किंवा कल्पना कायमची सोडून देणे हा त्याचा लाक्षणिक अर्थ इतका प्रबळ आहे की ‘त्या समाजाने दहनाला मूठमाती दिली’ यासारखे वाक्य गंभीर विषयात नको तिकडे वळते. ‘समाधी देणे’ विशिष्ट व्यक्तींसाठी आणि विशिष्ट श्रद्धेसह येते, त्यामुळे रोमन किंवा अँग्लो-सॅक्सन दफनाला तो शब्द लावणे चुकीचे ठरेल.

उरतो तो ‘दफन’, आणि मला तोच सर्वांत योग्य वाटतो. मूळ अरबीतून आलेला हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी नाम म्हणून रुळला आहे, त्याचे ‘दफने’ असे अनेकवचन होते, ‘दफनभूमी’, ‘दफनविधी’ असे समास होतात, आणि ‘दहन’ या शब्दाशेजारी तो इतका सहज बसतो की इंग्रजी जोडीतला विरोध मराठीत आपोआप उभा राहतो. ‘दहनाऐवजी दफनाची प्रथा आली’ हे वाक्य कोणत्याही टिपेवाचून समजते.

अडचण फक्त एका ठिकाणी येते. मूळ मजकुरात ‘बरिअल’ आणि ‘इन्ह्यूमेशन’ हे दोन्ही शब्द असतील आणि ‘बरिअल’मध्ये अस्थिकलशांचाही समावेश असेल, तर दोन्हींना ‘दफन’ म्हणून चालत नाही. अशा वेळी मी ‘बरिअल’साठी ‘दफन’ हा व्यापक शब्द ठेवतो, ‘इन्ह्यूमेशन’साठी ‘देहदफन’ आणि कलशातील जळालेल्या अवशेषांसाठी ‘अस्थिदफन’ असे लिहितो, आणि पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात अर्थ सांगतो. ‘देहदफन’ हा शब्द कोशात शोधावा लागत नाही, ऐकताच कळतो, आणि हीच परिभाषेची खरी गरज आहे. ‘भूमिस्थापन’ किंवा ‘मृत्तिकानिधान’ यांसारखे नवे संस्कृत समास घडवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ते वाचून वाचकाला विधीचा बोध होण्याऐवजी तो समासाची फोड करत बसतो.

एक नमुना वाक्य घेऊ. ‘द सिमेट्री कंटेन्ड बोथ क्रिमेशन्स अँड इन्ह्यूमेशन्स, द लॅटर मोस्टली क्राउच्ड’ या वाक्याचे भाषांतर ‘त्या दफनभूमीत दहन आणि पुरणे दोन्ही होते, नंतरचे वाकलेले होते’ असे केले तर शब्द आले पण अर्थ निसटला. ‘त्या स्थळी दहनानंतरचे अवशेष आणि न जाळता पुरलेले देह असे दोन्ही प्रकार आढळले, आणि देहदफनांपैकी बहुतेकांत गुडघे छातीशी घट्ट दुमडलेले होते’ असे केले तर मूळ लेखकाने जे पाहिले ते मराठी वाचकालाही दिसते.

सातवी पायरी : शेवटची तपासणी

लेखन पूर्ण झाल्यावर प्रत्येक ‘इन्ह्यूमेशन’च्या जागी मनातल्या मनात ‘बरिअल’ ठेवून वाक्य पुन्हा वाचावे. काहीही हरवले नाही असे वाटले तर ‘बरिअल’च राहू द्यावे. मग उरलेल्या वाक्यांत जवळपास दहनाचा उल्लेख, वर्गीकरणाचा संदर्भ किंवा देहाच्या स्थितीचे वर्णन आहे का ते पाहावे. तसे असेल तर शब्द आपल्या जागी आहे. नसेल तर तो केवळ भारदस्तपणासाठी आला आहे आणि काढून टाकावा. मराठी मजकुरात हीच तपासणी ‘देहदफन’ आणि ‘दफन’ या जोडीवर करावी, आणि जेथे शोकाकुल कुटुंबासाठी लिहिले आहे तेथे दोन्ही तांत्रिक शब्द बाजूला ठेवून, त्या माणसाला कोठे आणि केव्हा पुरले एवढेच साध्या शब्दांत सांगावे.